सुनेचा डान बाऊ आणि दिरांचे बोल्ट

माझी सून व्हिएतनामची. मुलानं नोकरीच्या गावीच लग्न जमवलं आणि तिला शाहूपुरीतल्या घरी घेऊन आला. सोबत तिच्या आईनं दिलेलं वाद्य, डान बाऊ. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर एकच तार आणि एका टोकाला उभी लवचिक दांडी. उजव्या हातानं तार छेडायची, डाव्यानं दांडी वाकवायची. सूर असा वळतो की बाईमाणूस गातंय असंच वाटावं.

कोडोलीला दिलेल्या आत्याबाई, म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, लग्नाला रुसून आल्याच नव्हत्या. "परदेशी पोरगी टिकायची न्हाय," असं गावभर सांगत होत्या. यंदा गौरीच्या जेवणाला त्या येणार कळल्यावर सून म्हणाली, "मी आईचं गाणं वाजवते." बिचारीचा सगळा जीव त्यात. माझाही.

आमच्या दिरांचं वर्कशॉप आहे. हलणारी वस्तू त्यांना बघवत नाही. आमच्या झोपाळ्यालासुद्धा त्यांनी एकदा टेकू लावला होता. "वहिनी, विमानात ढिली झालीया की ही दांडी!" म्हणाले. मी पुरण वाटत होते तेवढ्यात पठ्ठ्यानं लोखंडी पट्टी लावून बोल्ट आवळले. वर झेंडूचा हार!

जेवणं झाली, सगळे जमले. सुनेनं दांडी दाबली. हलेना. तार छेडली. टुंग. पुन्हा टुंग.

"अगं बया, तुणतुणं की हे!" आत्याबाई खूश. टाळ्या पडल्या. दिरांनी लगेच शाल-नारळ मागवला. आमच्याकडं कुणी नुसतं शिंकलं तरी सत्कार होतो.

सुनेचे डोळे भरले. मग तिनं दिरांपुढं हात केला. "काका, पाना." त्यांच्याच कृपेनं शिकलेला शब्द. सगळ्यांदेखत तिनं हार बाजूला ठेवला, बोल्ट काढले आणि वाजवायला लागली. सूर वाकला, थरथरला, लांब गेला आणि परत आला. मला तर बाई हुंदकाच फुटला.

आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. "आईला हाक मारतीयास व्हय गं?"

सुनेनं मान डोलावली.

"मग बोलवून घे की तिला. पर माझ्याकडं राहूदे, कोडोलीला. हितं ठेवलीस तर हे लोक तिलाबी बोल्ट मारतील."