साहेबांचं रीडिंग

मीटरकाकांनी तेहेतीस वर्षं लोकांचे विजेचे मीटर वाचले. जिन्याखाली वाकून, माळ्यावर चढून, भुंकणाऱ्या कुत्र्याशी गोड बोलून त्यांनी आकडे टिपले आणि एकही आकडा चुकवला नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि बहुतेक वेळा कुणी विचारलेलं नसताना सांगत.

घराला कुलूप असलं तर काय करायचं, याचा खात्यात नियम होता. मागच्या तीन रीडिंगची सरासरी काढायची आणि ती रकान्यात लिहायची. रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकामा रकाना म्हणजे माणूस तिथे गेलाच नाही, असं वरचे लोक धरून चालत. सरासरीत खोटं काही नव्हतं. पुढल्या खेपेला दार उघडं मिळालं की खरा आकडा यायचा आणि इकडचं तिकडे होऊन सगळं जागेवर बसायचं.

काकांच्या घरी काकू आणि एक बोका. बोका करड्या रंगाचा, दहा वर्षांचा, अंगाने चांगलाच भरलेला. त्याला साहेब म्हणत, कारण तो काकांच्या जुन्या साहेबांसारखाच बोलावलं की येत नसे आणि नको तेव्हा महत्त्वाच्या कागदावर बसून राही. घरात त्याच्याबद्दल बोलणं आदरार्थीच. रात्री साहेब काकांच्या पोटावर झोपत. त्यामुळे गेली दहा वर्षं काकांनी कूस बदललेली नव्हती, आणि याचीही ते तक्रार करत नसत.

यंदा साहेब पाणी जास्त पिऊ लागले. दिवसातून तीन वेळा भांडं रिकामं. वाळूचा ट्रे उचलताना काकूंची कंबर धरायची. खाणं दुप्पट आणि अंग मात्र रोडावत चाललेलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि मधुमेह म्हणून सांगितलं.

"काका, ती कोरडी बिस्किटं आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "डब्यातलं ओलं अन्न द्या, त्याने साखर कमी वाढते. काही बोके नुसत्या खाण्याच्या बदलानेही बरे होतात. तोवर सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला इन्सुलिनची सुई. पण सुईच्या आधी घरी साखर मोजायची. आकडा दीडशेच्या खाली आला तर सुई द्यायची नाही, मला फोन करायचा."

आजाराचं ऐकून काकांचा चेहरा उतरला. पण रोज दोनदा रीडिंग घ्यायचं आहे हे ऐकून मनातून जरा बरंही वाटलं. ते त्यांनी काकूंना सांगितलं नाही.

त्यांनी वही घेतली, पट्टीने रकाने आखले. साहेबांचा कान कोमट फडक्याने शेकायचा, कडेला बारीकशी टोचणी लावायची, रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीला टेकवायचा. पहिला आकडा आला तीनशे बेचाळीस. काकांनी तो दोनदा पाहून मग लिहिला. दर रविवारी त्या पानाचा फोटो डॉक्टरीणबाईंना जाई आणि त्यांचा निरोप येई, "काका, इतकी सुंदर वही माझ्याकडे कुणाचीच येत नाही." काका तो निरोप काकूंना वाचून दाखवत. काकूंना तो पाठ झाला होता.

दहाव्या दिवशी साहेबांना वेळ कळली. सात वाजायला पाच मिनिटं असताना ते लोखंडी कपाटाखाली गेले आणि भिंतीला चिकटून बसले. काका पोटावर आडवे झाले. विनवण्या केल्या, दटावलं, झाडू आत घालून पाहिला. साहेबांनी झाडूकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. पाऊण तासाने काकूंनी स्वयंपाकघरात अन्नाचा डबा उघडला, त्याबरोबर साहेब तीरासारखे बाहेर आले आणि बशीत तोंड खुपसलं. खाताना त्यांना जगाची शुद्ध नसे. काकूंनी तेवढ्यात मानेजवळ सुई देऊन टाकली.

काका रकान्यासमोर बसले. आकडा खाण्याआधीचा हवा होता, आणि खाणं तर सुरू झालं होतं. त्यांनी मागचे तीन आकडे मांडले, बेरीज केली, तीनने भागलं आणि सुवाच्य अक्षरात तीनशे अठरा लिहिले.

"मोजलं का?" काकूंनी आतून विचारलं.

"लिहिलं," काका म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, एका दिवसाने असं काय आभाळ कोसळतं? काकाही तेच म्हणाले. पण साहेबांना कपाट आवडलं. चार दिवसांतून दोनदा, मग तीनदा. सापडले तरी घरभर पळापळ होऊन सापडत, आणि घाबरलेल्या मांजराची साखर भीतीनेच चढते, हे काकांच्या गावीही नव्हतं. त्या चढलेल्या आकड्यांची सरासरी, मग सरासरीची सरासरी. वहीत तीनशे दहा, तीनशे आठ, तीनशे नऊ, सगळं कसं ओळीत.

"अहो, हल्ली पाणी फारसं पीत नाहीत," एकदा काकू म्हणाल्या. "ट्रेही हलका लागतो. अंगही भरतंय. जरा विचारा ना डॉक्टरीणबाईंना."

"आकडे काय सांगतात ते बघ," काकांनी वही पुढे केली. "आकडा खोटं बोलत नाही."

डॉक्टरीणबाईंनीही आकडेच पाहिले. साखर हलत नाही म्हणून इन्सुलिन एका युनिटाचं दोन युनिटं केलं.

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी दहा वाजता साहेब स्वयंपाकघरातून निघाले आणि दाराच्या चौकटीवर आपटले. मागचे पाय फाकले, मान एका बाजूला ओढली गेली आणि सगळं अंग थडथड उडू लागलं.  काकांनी तिथेच बसून कान टोचला. त्या आठवड्यातला तो पहिला खरा आकडा होता. एकतीस.

काकूंनी साखरेचं पाणी बोटाने साहेबांच्या हिरड्यांना चोळलं आणि शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखाना गाठला. दोन तास आत सलाईन चालू होतं. काका बाकावर वही मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, वही चाळली.

"जीव वाचला," त्या म्हणाल्या. "पण काका, सकाळी सातला तीनशे आठ आणि दहाला एकतीस? दोन युनिटांनी एवढी खाली येत नाही. तुमचं यंत्र बिघडलंय. असं होतं कधीकधी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

काकूंनी सुटकेचा श्वास सोडला. काकांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. यंत्र बोलणार नव्हतं, साहेब बोलणार नव्हते.

"यंत्र चांगलं आहे," काका म्हणाले.

"मग?"

"सापडले नाहीत त्या दिवशी मी सरासरी लिहिली."

डॉक्टरीणबाईंना आधी समजलंच नाही. मग काकांनी खात्याचा नियम सांगितला, कुलूप, रकाना, तीन रीडिंग. सांगताना तो त्यांना पहिल्यांदाच मूर्खपणाचा वाटला. त्यांनी पेन मागून घेतलं आणि खोट्या आकड्यांना एकेक गोल केला. एकोणीस गोल झाले. शेवटच्या आठवड्यात गोलांशिवाय काही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पानं मागे उलटली. "काका, तो बरा होत होता हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खाण्यानेच बरा होत होता. त्याला सुई नकोच होती."

काकू उठल्या आणि भरलेली बाटली पुन्हा भरायला नळावर गेल्या. काका तिथेच, लोकांसमोर, रडले.

साहेब चार दिवसांनी घरी आले. इन्सुलिन बंद झालं. दृष्टी मात्र गेली. मेंदूला साखर कमी पडली की असं होतं, कदाचित परत येईल, कदाचित नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. साखर परत चढू नये म्हणून खाणं तेच आणि मोजणंही चालूच.

याला आता तीन महिने झाले. सकाळी सातला काका जमिनीवर मांडी घालून हाक मारतात. साहेब भिंतीला अंग घासत, थांबत थांबत आवाजाच्या रोखाने येतात, मांडीवर चढतात आणि कान पुढे करून बसतात. पळत नाहीत. कपाट कुठे आहे ते त्यांना आता सापडत नाही. तरी हाक मारण्याआधी काका रोज एकदा गुडघे टेकून कपाटाखाली वाकून बघतात. काकूंनी विचारलं, काय बघता? काका म्हणाले, काही नाही.

मागच्या रविवारी वही घेऊन ते दवाखान्यात गेले. एकशे चार, अठ्ठ्याण्णव, एकशे दहा. डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली.

"काका, तीन महिन्यांत एकही रकाना रिकामा नाही. आणि सगळे मोजलेले?"

"सगळे," काका म्हणाले. "आता सापडतात."