आमच्या गच्चीवरचा ऑक्टोपस

किल्लारीच्या भूकंपानंतर लातुरात आमच्या गल्लीत आणखी एक भूकंप झाला. त्याची नोंद कुठंच नाही, कारण तो माझ्या भावानं केला होता.

आमचं गाव देगलूर. माझ्या लेकीला, शुभीला, दहावीत चांगले मार्क पडले आणि तिच्या बाबांनी जाहीर केलं, पोरगी लातूरला शिकणार, डॉक्टर होणार. झालं! ते दुकान सांभाळायला देगलुरात राहिले आणि मी पोरीला घेऊन घरमालक आप्पांच्या गच्चीवरच्या खोलीत. आप्पा भुसार मालाचे आडते. कपाळाला विभूती, माणूस सोन्यासारखा, पण अट एकच: घरात अंडंसुद्धा शिजायचं न्हाई. मी मान डोलावली. क्लासच्या दिवसांत लातुरात खोली मिळणं काय असतं, ते शोधणाऱ्यालाच ठाऊक. ही गेली असती, तर ऐन बारावीत शुभी ट्रंकेसकट रस्त्यावर!

आणि एका रविवारी माझा भाऊ दिलीप रत्नागिरीहून बर्फाचा डबा घेऊन उगवला. नोकरीनं तिकडं गेल्यापासून त्याला समुद्राचं भलतंच वेड. म्हणाला, ह्याच्यासारखं डोकं पाण्यात दुसऱ्या कुणाला न्हाई, शुभीला भाजून घाल, मेडिकलचा नंबर पक्का. मी आधी नकोच म्हटलं. पण आप्पा त्या दिवशी उदगीरला लग्नाला जाणार होते, आणि बदामांनी शुभीच्या मार्कांत काही फरक पडत नव्हता (माझ्या वजनात पडला होता, उरलेले मीच खायची).

डबा उघडला आणि आम्ही तिघंही आत डोकावलो. नदीच्या मासळीपलीकडं मी काही बघितलेलं नव्हतं. हे आठ हात, प्रत्येक हातावर इवल्या इवल्या वाट्यांच्या रांगा, आणि मधे ते शहाण्या म्हाताऱ्यासारखं टक्कल! शुभी हळूच म्हणाली, ह्याला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं असतं. मला एकदम हात जोडावेसे वाटले. देवानं आपल्याला बनवताना जरा काटकसरच केली म्हणायची.

दिलीपचं म्हणणं, हा आधी धोपटावा लागतो, नाहीतर चपलेसारखा चिवट लागतो. गच्चीवर धुण्याचा दगड होताच. दिलीपनं ऑक्टोपस दोन्ही हातांनी डोक्यावरून फिरवला आणि दगडावर असा हाणला, की माझ्या खिडकीची तावदानं वाजली. मग त्याला जोरच चढला.

तो दगड बरोबर काकूंच्या, म्हणजे आप्पांच्या बायकोच्या, स्वयंपाकघरावर होता. भूकंपानंतर गल्लीत घरोघरी फळीवर तांब्यावर तांब्या उपडा ठेवायची पद्धत पडली होती. तांब्या पडला की बाहेर पळायचं, विचारत बसायचं न्हाई. काकूंचा तांब्या पडला. काकू पळाल्या, त्यांना बघून शेजारी पळाले, त्यांना बघून क्लासची पोरं फिजिक्सची पुस्तकं घेऊन पळाली. सगळी गल्ली रस्त्यात.

आम्हाला वर पत्ता नाही. आम्ही हळद-तिखट चोळून ऑक्टोपस घमेल्यातल्या निखाऱ्यांवर जाळीत ठेवला होता, आणि त्याचे आठही हात हळूहळू फुलासारखे वर वळून राहिले होते. मी लिंबू हातात धरून नुसती बघत उभी! खालून आरडाओरडा आला तेव्हा वाटलं, वास लागला लोकांना. आम्ही तिघं कठड्याआड बसलो आणि धूर पांगावा म्हणून जोरात वारा घालायला लागलो. तो धूर बघून खाली कुणीतरी ओरडलं, जमिनीतून ज्वालामुखी निघाला!

आणि जिन्यात धाडधाड पावलं वाजली. लग्नाची जीप आलीच नव्हती. आप्पा अनवाणी, धापा टाकत आमच्या शुभीला वाचवायला वर आले होते, आणि समोर हे. आप्पांनी ऑक्टोपसकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"काय हाय हे, बाई?"

शुभी म्हणाली, "आप्पा, प्रॅक्टिकलचं हाय. बायोलॉजीचं."

"मग हळद-तिखट?"

"कीड लागू नये म्हणून," मी म्हटलं. धान्याच्या व्यापाऱ्याला एवढं पटायला हरकत नव्हती.

आप्पा खाली वाकले. बराच वेळ बघत राहिले. शुभीनं तीन हृदयांचं सांगितलं तसे त्यांनी कानाला हात लावले, "शिवा शिवा, काय करणी हाय!" मग त्यांनीच सगळ्या गल्लीला वर बोलावलं. भूकंप विसरून लोकांनी जिन्यात रांग लावली. काकूंनी लांबूनच नमस्कार केला, क्लासच्या पोरांनी आकृत्या काढल्या. शेवटी आप्पांनी तो अभ्यासाचा जीव परसातल्या पपईखाली मानानं पुरायला लावला. दिलीप रात्रीच्या गाडीनं उपाशीपोटी रत्नागिरीला गेला.

खोली राहिली. पुढं वर्षभर मी देगलुरात ज्याला त्याला सांगत सुटले, आप्पांना कसं गुंडाळलं म्हणून!

शुभीचा मेडिकलला नंबर लागला. पेढे घेऊन खाली गेले. आप्पांनी पेढा खाल्ला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. तिला आत काकूंकडं पाठवून हळूच म्हणाले, "बाई, पोरीचं वरीस वाया जाऊ नये म्हणून तवा इचारलं न्हाई. पण प्रॅक्टिकलला लिंबू कोन पिळतंय?"

दिलीपचं म्हणणं खरं होतं. डोकं वाढायला आमच्या घरात तो ऑक्टोपस कुणीतरी खायलाच पाहिजे होता. फक्त ती शुभी नव्हती.