पूजेतली काळी डिस्क

"बाई, माझ्या ब्लॉगावर नुसती प्रश्नचिन्हं आल्यात. कोण काय विचारालंय मला?"

खंडेनवमीच्या सकाळी तासगावहून जिनगोंडा आप्पांचा फोन आला, तेव्हा मी घराच्या दाराला झेंडूचं तोरण बांधत होते. मला हसू आलं. म्हटलं, "आप्पा, कुणीतरी कॉमेंटमध्ये चावटपणा केला असेल. बघते." एका हाताने मोबाइलवर त्यांचा ब्लॉग उघडला. तोरणाचं दुसरं टोक तसंच खाली लोंबत राहिलं.

कॉमेंट नव्हती. सगळा ब्लॉगच प्रश्नचिन्हांचा झाला होता. मराठी अक्षर जिथे जिथे होतं तिथे प्रश्नचिन्ह. आप्पा तारखा इंग्रजी आकड्यांत टाकायचे, तेवढ्या शाबूत होत्या. बारा वर्षांच्या नोंदी, आणि उरल्या फक्त तारखा.

"आप्पा, मी ऑफिसला जाऊन बघते," मी म्हटलं.

"बघा. मी पण यष्टीनं येतोच."

"तुम्ही कशाला त्रास घेता?"

"उद्या दसरा हाय बाई," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी कराडला वेबसाइट सांभाळायचं ऑफिस चालवते. कुणाचं दुकान, कुणाची शाळा, कुणाचा ब्लॉग. वेबसाइट बंद पडली तर उठवायची, सॉफ्टवेअर जुनं झालं तर नवं घालायचं आणि रोजच्या रोज सगळ्याची कॉपी काढून ठेवायची. या कॉपीला आम्ही बॅकअप म्हणतो. गिऱ्हाईक पैसे देतं ते खरं म्हणजे या बॅकअपच्या भरवशावर.

आप्पा माझे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. तासगावजवळ त्यांची द्राक्षबाग. रोज संध्याकाळी ते ब्लॉगवर चार ओळी लिहायचे. आज कुठला तुकडा छाटला, पाऊस किती झाला, पानावर दावण्या कवा दिसला, काय फवारलं आणि काय चुकलं. दावण्या म्हणजे पावसाळी हवेत द्राक्षाच्या पानाला आणि घडाला लागणारा रोग. चुकलं ते लिहायला आप्पा कधी लाजले नाहीत, म्हणून आजूबाजूचे बागायतदार त्यांचा ब्लॉग वाचायचे.

त्याआधी ते हे सगळं जाड वहीत लिहीत. बारा वर्षांपूर्वी मी, नवी नवी हुशार, त्यांना म्हणाले होते, "आप्पा, वही भिजते, उंदीर कुरतडतात. इंटरनेटवर टाकलेलं कुठे जात नाही." त्यांनी ऐकलं आणि वही बंद केली. गाडीवर बसून ऑफिसला जाताना हे माझं वाक्य मला पाठ केल्यासारखं ऐकू येत होतं.

यंदा आणखी एक गोष्ट होती. आप्पांचे गुडघे गेले होते आणि मुलगा सैन्यात, सीमेवर. बाग सून बघणार होती, पद्मा. दसऱ्याच्या सकाळी फळछाटणीची पहिली कात्री तीच चालवणार होती. फळछाटणी म्हणजे घड धरण्यासाठी केलेली छाटणी. तिची तारीख चुकली की वर्ष गेलं. कुठला तुकडा आधी घ्यायचा, कुठला आठ दिवस थांबवायचा, हे पद्माने आप्पांच्या जुन्या नोंदी वाचून ठरवायचं होतं. तिचं निम्मं वाचून झालं होतं.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ब्लॉग ज्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर भाड्याने राहतो, तिला होस्टिंग कंपनी म्हणतात. त्या कंपनीचा मेल आला होता: तुमचं सॉफ्टवेअर जुनं आहे, महिनाअखेरपर्यंत बदला, नाहीतर ब्लॉग बंद करू. हे काम करणारी टूल्स मिळतात. टूल आधी बॅकअप घेतं, मग जुनं सॉफ्टवेअर काढून नवं बसवतं. नियम असा, की हे सगळं आधी बाजूला काढलेल्या कॉपीवर करून बघायचं आणि मगच खऱ्या ब्लॉगला हात लावायचा. नियम मला पाठ आहे. दुसऱ्यांना मीच तो शिकवते.

पण मी हे काम काढलं त्या दिवशी अष्टमी होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे हत्यारं खाली. सुताराची करवत, न्हाव्याचा वस्तरा, तसे आमचे कॉम्प्युटर. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. म्हणून मी विचार केला, हत्यारं ठेवायच्या आत एवढं एक उरकून टाकू. टूल चालवलं. वीस मिनिटांत हिरवी टिक आली. पहिलं पान उघडून बघितलं, मराठी छान दिसत होतं. मी पर्स उचलून घरी गेले.

ते पान शिळं होतं. ब्लॉग पटकन उघडावा म्हणून सर्व्हर पहिल्या पानाची तयार प्रत काही तास जवळ ठेवतो. मला दिसली ती जुनी प्रत. आत काय झालंय ते मी बघितलंच नाही. त्याला दोन मिनिटं पुरली असती.

ऑफिसात पोचले तेव्हा वसंतकाकांनी पूजा मांडलेली होती. काका सैन्यात सिग्नलला, म्हणजे बिनतारी दळणवळणाच्या तुकडीत, हवालदार होते. निवृत्त झाल्यापासून आमच्याकडची वायर, डिस्क, मशीन सगळं तेच बघतात. पाटावर पांढरं कापड, त्यावर हातोडी, पकडी, स्क्रू ड्रायव्हर, एक जुना कीबोर्ड. सगळ्याला हळदकुंकू आणि वर झेंडू.

"काका, माफ करा, मला कॉम्प्युटर लावावा लागणार."

"तुमचा तुमी लावा, ताई. त्येची पूजा मी अजून केलेली न्हाई," काका म्हणाले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

मी एकेक दार ठोठावत गेले. आधी टूलने घेतलेला बॅकअप उघडला. त्यातही प्रश्नचिन्हं. कारण तेव्हा कळलं. आप्पांचा ब्लॉग इतका जुना, की त्यातलं मराठी जुन्या पद्धतीने साठवलेलं होतं. टूलला ते ओळखता आलं नाही. कन्नड न येणाऱ्या माणसाला कन्नड पत्र उतरवायला द्यावं आणि न समजलेल्या प्रत्येक अक्षराला त्याने प्रश्नचिन्ह काढावं, तसं झालं. बॅकअपही त्यानेच उतरवलेला, म्हणजे तोही तसाच. आणि प्रश्नचिन्हावरून मूळ अक्षर परत काढता येत नाही.

मग आमची रोजची कॉपी. ती रोज रात्री आपोआप निघते आणि कालच्या कॉपीवर आजची बसते. जागा वाचावी म्हणून मी एकच कॉपी ठेवत होते. रात्री ती नेमाने निघाली होती. चांगल्या कॉपीवर तिने प्रश्नचिन्हं बसवली होती.

होस्टिंग कंपनीला फोन लावला.

"मॅडम, तुमच्या प्लॅनमध्ये बॅकअप येत नाही."

"तुमच्याकडे कालची काहीतरी प्रत असेल ना?"

"मॅडम, प्लॅन अपग्रेड केला तर उद्यापासून येईल."

उद्यापासून! मी फोन ठेवला. मला रडू येत होतं, पण काकांसमोर रडायची लाज वाटत होती.

तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल पट्टी दिसली: काळी डिस्क सापडली नाही. रोजची कॉपी दोन ठिकाणी जाते, एक ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणि एक त्याला कायम जोडलेल्या काळ्या पोर्टेबल डिस्कवर. मी वैतागून ओरडले, "काका, डिस्क का काढली? रात्री कॉपी झाली नाही तिच्यावर!"

"काल सांजच्याला पुसाय काढली की. पूजंला मांडलीया."

ते ऐकलं आणि मी खुर्चीतून उठलेच. रात्री कॉपी झाली नाही तिच्यावर. म्हणजे तिच्यावर सप्तमीच्या रात्रीची कॉपी होती. टूल चालवण्याच्या आधीची! मी पाटाकडे धावले. कीबोर्डशेजारी काळी डिस्क होती, तिच्यावर कुंकवाची दोन बोटं. मी हात घातला.

काकांनी माझं मनगट धरलं. "ताई, हात लावू नका."

"काका, आप्पांची बारा वर्षं आहेत त्यात."

"आसू द्यात. पूजंतलं हत्यार शिलंगणाच्या आधी उचलत न्हाईत. पलटणीत आमी रायफलीला बोट लावत न्हवतो."

"ही रायफल नाही!"

"मंग पूजा कशाला करता?"

मी बरंच बोलले. जे बोलले ते इथे लिहीत नाही. काका पाटाच्या पुढे उभे राहिले, हात मागे बांधून. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. ढकलून तर देता येत नाही. शेवटी मी तणतणत कॉम्प्युटरसमोर येऊन बसले, आणि करायला काहीच नाही म्हणून ती लाल पट्टी पुन्हा पूर्ण वाचली.

काळी डिस्क सापडली नाही. डिस्क जोडताच राहिलेली कॉपी सुरू होईल.

मी बोट ठेवून एकेक शब्द परत वाचला. ही सोय मीच चालू केलेली होती. काकांनी मला डिस्क उचलू दिली असती, तर मी ती घाईघाईने याच कॉम्प्युटरला खुपसली असती. मिनिटभरात शेवटच्या चांगल्या कॉपीवर प्रश्नचिन्हं बसली असती. तेही माझ्याच हाताने, हिरव्या टिकसकट.

मी ती सोय बंद केली. ती खरंच बंद झाली का हे तीनदा तपासलं. तरी भरवसा वाटेना, म्हणून कपाटातला माझा जुना लॅपटॉप काढला. त्यात कुठलंच टूल नव्हतं.

दुपारी आप्पा आले. पांढरी टोपी, हातात पिशवी, गुडघे धरत जिना चढलेले. त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. टूल, घाई, एकच कॉपी. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं.

"बाई," ते म्हणाले, "मला निम्मं तोंडपाठ हाय. माझं काय न्हाई. पण त्या पोरीला उद्या काय देऊ? बांधावर हुबारून सांगाय माझं पाय न्हाईत आता."

मी पाटाकडे बोट दाखवलं. "त्यात असेल. पण काका उचलू देत नाहीत."

आप्पांनी डिस्ककडे बघितलं, मग काकांकडे. पिशवी खाली ठेवून म्हणाले, "हवालदार, एक इचारू?"

"इचारा की आप्पा."

"आवं, खंडेनवमीला तुमी मोर्चावर असला आन् समोरनं गोळी आली, तर रायफल पाटावरच ऱ्हाती व्हय?"

काका विचारात पडले. खरंच विचारात पडले. "न्हाई," ते म्हणाले. "तवा पूजा हुब्यानंच. फुल टाकायचं आन् हत्यार हातात."

"मंग झालं. माझ्यावर गोळी आलीया."

काकांनी चपला काढल्या. पाटाला नमस्कार केला, डिस्कवरचं फूल बाजूला ठेवलं आणि डिस्क दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर धरली. "घ्या ताई."

वायर बसते त्या खाचेत कुंकू गेलं होतं. काकांनी बारीक ब्रशने ते काढलं. मी डिस्क जुन्या लॅपटॉपला जोडली. दिवा लागलाच नाही. तिघंही त्या दिव्याकडे बघत राहिलो. काकांनी वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. दिवा लागला, लुकलुकला आणि फाइल दिसली. सप्तमीची.

फाइल असणं म्हणजे बॅकअप असणं नव्हे, एवढं मला सकाळपासून चांगलं कळलं होतं. मी लॅपटॉपवरच ब्लॉगची खोटी प्रत उभी केली आणि फाइल त्यात ओतली. त्याला अर्धा तास लागला. कुणी चहालाही उठलं नाही.

"आप्पा, एखादी जुनी नोंद सांगा."

"ऐन दिवाळीत गारा पडल्या, त्या वर्साची काढा. पाडव्याची." त्यांनी डोळे मिटले. "'आज बागंत जाऊ वाटलं न्हाई. तरी गेलो.' असं पयलंच वाक्य हाय बघा."

मी तारीख शोधली. नोंद उघडली. लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

आज बागंत जाऊ वाटलं न्हाई. तरी गेलो.

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुढचं वाचत बसले. काकांनी खिडकीकडे तोंड केलं. मी मात्र या वेळी रडले, लाज न बाळगता.

संध्याकाळपर्यंत काम झालं. नवं सॉफ्टवेअर आधी खोट्या प्रतीवर घातलं, मराठी कसं साठवलंय ते टूलला नीट सांगितलं, वर्षावर्षाची एकेक नोंद उघडून वाचली आणि मगच खरा ब्लॉग बदलला. अष्टमीची एक नोंद तेवढी गेली. ती आप्पांनी मला तोंडी सांगितली, मी टाइप केली. पद्माचा फोन आला, "मामंजी, दिसालंय सगळं." आप्पा शेवटच्या गाडीची वाट न बघता निघाले.

दसऱ्याच्या संध्याकाळी ब्लॉगवर नवी नोंद आली. वरच्या तुकड्याला पहिली कात्री सुनेनं लावली, खालचा आठ दिवस थांबवला, असं तीत होतं. खाली एक ओळ होती: आजपासून वही बी परत सुरू.

मला ती ओळ लागली. लागायलाच हवी होती.

आता आमच्याकडे सात दिवसांच्या सात कॉप्या असतात. शनिवारी मी त्यातली कुठलीही एक उघडते आणि एक नोंद पूर्ण वाचते. हिरव्या टिकवर विश्वास ठेवत नाही. काळी डिस्क कॉम्प्युटरला आठवड्यातून एकदाच, काकांच्या देखरेखीखाली लागते. त्याआधी ते मला विचारतात, "ताई, आतलं वाचलं का?" मी हो म्हटल्याशिवाय ते डिस्क देत नाहीत. बाकीचे दिवस ती कपाटात पडून असते.

त्यामुळे रोज सकाळी कॉम्प्युटर लावला की कोपऱ्यात लाल पट्टी येते: काळी डिस्क सापडली नाही. ती बंद करायची सोय आहे. मी केलेली नाही.