मालकानं न फोडलेला नारळ

आमच्या ह्यांना दूधवाल्याचाबी संशय येतो. दूध घट्ट आलं तर म्हनतात, कायतरी घातलंय. पातळ आलं तर म्हनतात, बघ, मी म्हनलं न्हवतं? अशा मानसाबरोबर जन्म काढलाय, म्हनून सांगायचा हक्क माझा हाय. लोक ह्यांना रामहरी नाना म्हनतात आन् सल्ला घ्यायला दारात येतात. मला कोन इचारत न्हाय, न्हायतर मी कवाच सांगितलं असतं.

मूळचे आमी जेऊरकडचे. लगीन झालं आन् सोलापुरात आलो, हे गिरनीत लागले. आता पोरगा अभिमन्यू टॉवेलच्या कारखान्यात, नात पायल बारावीला. गेल्या भादव्यात पायल पुस्तक घेऊन ह्यांच्यापुढं बसली.

"आजोबा, कारखाने आल्यावर जगानं तीन वाटा काढल्या. भांडवलशाही, समाजवाद आणि साम्यवाद. सरांनी फरक लिहून आणायला सांगितलाय."

"त्यात लिहायचं काय? तिन्हीत राबलोय मी," हे म्हनले आन् मांडी ठोकून बसले. मी मनात म्हनलं, आता जेवान झाकून ठेवायला लागतंय.

ह्यांची शाळा वेगळीच. खंडेनवमीला कारखान्यात कापड इनायच्या मागाची पूजा असती, झेंडूच्या माळा घालून मागापुढं नारळ फोडतात. नारळ कोन फोडतो, ह्यावरनं हे सगळं जग वळखतात. पहिली गिरनी शेठची. शेठ स्वता येऊन नारळ फोडायचा, पेढा द्यायचा, पाठीवर हात ठेवायचा. "आन् त्याच हातानं वर्षभर पगार कापायचा," हे म्हनले. एका साली शेठ आलाच न्हाय, नारळ घेऊन मॅनेजर आला. पुढच्या दसऱ्याला गेटला कुलूप होतं.

मग गिरनी सरकारनं घेतली. आता दरसाली नवा साहेब यायचा, वरून मंजुरी आल्याबिगर नारळ फुटायचा न्हाय, आन् फुटला की आतनं कुजका निघायचा. माग कुनाचे म्हनून इचारलं तर म्हनायचे, जनतेचे. त्या जनतेला वाचमन आत सोडत न्हवता. ती गिरनीबी बंद पडली.

तिसऱ्या खेपेला लाल बावटावाल्यांच्या नादानं कामगारांनीच सोसायटी काढून जुने माग घेतले. सगळं सगळ्यांचं, कोन मालक न्हाय. पहिल्याच खंडेनवमीला नारळ कुनी फोडायचा ह्यावर दुपारपर्यंत भांडले. शेवटी मल्लप्पानं फोडला. मल्लप्पा म्हंजे ह्यांचा जिवाभावाचा, एका ताटात जेवलेला. त्यानंच मागल्या दारानं सूत इकून खाल्लं आन् सोसायटी बुडवली. तवापासनं हे असे झाले. आधी एवढे न्हवते, खरं सांगते.

"मग ह्यातली चांगली कुठली, आजोबा?" पायलनं इचारलं.

"वाट कुटलीबी असू दे. वरचा मानूस मागाला हात लावतोय का आंग काढून घेतोय, तेवढं बघायचं."

पायल हसली आन् गाईडातलं उत्तर उतरवून घेऊन गेली. पन त्याच आठवड्यात अभिमन्यू कामावरनं आला तो चेहरा फुलवून. त्याचा मालक प्रभुशेठ, तेलुगू घरातला, तरना मानूस. त्यानं नवे आटोमॅटिक माग आनले होते. तितं एकच गडी ओळीनं माग सांबाळतो, म्हंजे जुने माग नकोत आन् जुनी मानसंबी नकोत. पन प्रभुशेठ अभिमन्यूला म्हनला, भंगारात घालन्यापरीस जुने माग तुमीच घ्या, शेड वापरा, सगळे मिळून चालवा. सूत मी देतो, टॉवेल मी घेतो, पुढारपन तू कर. दसरा झाला की कागद करू.

त्या दिवशी अभिमन्यू दोन भाकरी जास्त जेवला. मला लई बरं वाटलं. वीस वर्सं दुसऱ्याचा माग हाकला, आता पोरगं मानसात उटून दिसंल, असं वाटलं. पन बाकीचे कामगार म्हनले, रामहरी नाना व्हय म्हनले तरच आमी सही करनार.

झालं. हे निघाले तपासायला. माग चाचपले, लाइटचं मीटर बघितलं, वाचमनला चा पाजून इचारलं, शेजारच्या कारखान्यात चौकशी केली. कुटंच काय सापडलं न्हाय. घरी येऊन म्हनतात, "काईच खोट न्हाय म्हंजे लई मोठी खोट हाय."

"तुमी एकदा डोळ्याच्या डागदराकडं जाऊन या," मी म्हनलं. 

खंडेनवमीला हे मुद्दाम कारखान्यात गेले. प्रभुशेठनं नव्या मागांपुढं एकेक करून स्वताच्या हातानं नारळ फोडला. मग जुन्या शेडच्या दारात आला, तितनंच हात जोडले, नारळाची पिशवी अभिमन्यूच्या हातात दिली आन् निगून गेला. आत पाऊल टाकलं न्हाय.

हे लगीच पुढं झाले. तितंच सगळ्यांना गोळा करून म्हनले, "आमच्या शेठनंबी असंच केलं होतं. मालक आपल्या मागाला नारळ फोडत न्हाय, त्याअर्थी त्यानं तो मनातनं सोडलाय. ह्या मागांवर कसला तरी कर्जाचा बोजा हाय, तो तुमच्या गळ्यात पडनार. सही करू नका."

अभिमन्यू म्हनला, "आबा, मी जाऊन इचारतो की."

"इचारल्यावर चोर खरं सांगतो व्हय?"

कामगारबी तेलुगू, मागावरच वाढलेले. त्यांना नारळाचा अर्थ समजावून सांगायला लागत न्हाय. सगळ्यांनी मान डोलावली. दसरा झाला, सही कुनी केली न्हाय, आन् पुढच्या आठवड्यात भंगारवाल्यानं घन घालून माग फोडले. अभिमन्यू टेंपो भरेपर्यंत तितंच उभा होता म्हने.

दिवाळीत प्रभुशेठ मिठाई घेऊन घरी आला. खाटेवर बसून म्हनला, "नाना, नाही असं का म्हणालात तेवढं तरी सांगा."

ह्यांनी सांगितलं.  प्रभुशेठ म्हनला, "अहो, माग तुमचे होणार होते. दुसऱ्याच्या मागाला मी नारळ कसा फोडू? ज्याचा माग, नारळ त्यानंच फोडायचा, आमच्या घरात असंच शिकवतात."

तो गेल्यावर हे म्हनतात, "आता म्हनायला काय जातंय त्याचं." मला मात्र त्याचं पटलं. निम्मं तरी पटलं. नव्या शेडात त्यानं चौघांनाच ठेवलं, आन् बाकीच्यांना घरी बसवायला आमच्या म्हाताऱ्याचा नकारच त्याला आयता घावला, हेबी माझ्या डोक्यातनं जात न्हाय. ह्यांचा रोग मलाबी लागला म्हनायचा.

त्या चौघांत अभिमन्यू न्हवता. शेवटी पुण्याला एका गोडाऊनवर वाचमनची जागा मिळाली. जायच्या दिवशी रिक्षा दारात उभी होती. तो माझ्या पाया पडला, मग ह्यांच्या पुढं वाकला आन् तसाच थांबला.

"आबा, शेठचा संशय आला, ते कळलं मला. पन माग चालवनार होतो मी. तुमाला माझाबी संशय आला होता का?"

 मी ह्यांच्या तोंडाकडं बघत होते. एवढा एक सबूद, न्हाय म्हनायचा.

"व्हय," हे म्हनले.

पोरानं बॅग उचलली आन् रिक्षात जाऊन बसला. साऱ्या जगाला खोटं ठरवलं ह्या मानसानं, आन् पोराला धीर द्यायला एकदा खोटं बोलता आलं न्हाय.