दोन धारांमधला समुद्र

कट्ट्यावरचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. रोज संध्याकाळी तीच चार माणसं, तीच जागा, तोच गप्पांचा सूर. घरात साय साठवतात ना, तसं होतं. रोज एक चमचा, आणि एक दिवस झाकण काढून बघावं तर डबा भरलेला!

आमचा कट्टा दुधाचा. दिवस मावळायला लागला की म्हशी येऊन उभ्या राहतात, समोर धार काढली जाते आणि फेसासकट दूध थेट ग्लासात. मी शाहूपुरीत बेरिंगच्या दुकानात काउंटरला असतो. सहाच्या सुमाराला "पार्सल बघून येतो" म्हणून सटकतो. मालकालाही माहीत आहे की पार्सल कट्ट्यावर येतं. येताना ओठावर पांढरी मिशी असते.

आम्ही ज्या म्हशीचं दूध पितो ती मैना. मालकीण अक्का आणि त्यांचे यजमान बापू. बापूंची शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सगळी नोकरी गेली, आता रिटायर. अक्का मूळच्या नेसरीकडच्या. लहानपणी त्या एकदा मामाबरोबर घारीच्या कड्यावर गेल्या होत्या. हा कडा चंदगडच्याही पलीकडे, रस्ता जिथे कंटाळून थांबतो तिथे. खाली सगळं कोकण. सूर्य बुडताना त्यांना लांब आभाळाच्या काठाला एक चांदीची रेघ दिसली. मामा म्हणाला, "त्यो समुद्र."

लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी हे बापूंना सांगितलं. तिथेच चूक झाली!

"चंदगडातनं समुद्र? मग आमच्या शिरोलीतनं काशी दिसत असंल!" बापू म्हणाले, ते चौतीस वर्षं म्हणत राहिले. पाहुणे आले, सांग. लग्नात पंगतीला बसले, सांग. "हिच्या डोळ्यातच बिघाड हाय," असं म्हणून स्वतःच मोठ्यानं हसायचे.

यंदा श्रावणात डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून जपायची. त्या संध्याकाळी अक्कांनी नेहमीसारखी धार काढली, ग्लास भरले आणि मैनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "एकदा जाऊन येऊया की त्या कड्यावर."

बापू हसले नाहीत. डोळ्यातल्या बिघाडाचा विनोद त्यांनी त्या दिवसापासून कधीच केला नाही. मला ते ऐकू न येणं फार जड गेलं.

*

आता अडचण एकच. मैना! पहाटे पाचला धार, संध्याकाळी सहाला धार, आणि तीही फक्त अक्कांच्या हातची. दुसरा कुणी बसला की ही पान्हा चोरते. म्हणजे जायचं ते पाचनंतर आणि यायचं सहाच्या आत. कडा साडेचार तासांवर. आणि समुद्र दिसतो तो सूर्य बुडताना!

"बसतंय का गणित?" मी विचारलं.

"बसवूया की!" अण्णा म्हणाले. अण्णांचं किराणा दुकान. मूळचे संकेश्वराकडचे, घरात निम्मं कानडी. जगात कुठल्याही गावाला जायचं असेल तर आधी एसटी स्टँडवर जाऊन चौकशी करायची, ही त्यांची श्रद्धा.

चौकशीच्या खिडकीत कळलं की तिकडे एकच गाडी जाते. दुपारी निघते, रात्री तिथेच मुक्काम करते, सकाळी परत येते.

"मुक्काम करा की एक रात्र, पावणं," खिडकीतला माणूस म्हणाला.

"घरात म्हैस हाय."

"मग तुमी म्हशीपाशी थांबा. समुद्र हाय का न्हाय ते मी आमच्या कंडक्टरला इचारतो. त्यो दिवसाआड तितंच झोपतोय, अजून तरी काय बोलला न्हाय!"

अण्णांनी हे जसंच्या तसं कट्ट्यावर सांगितलं. बापूंना हसू आवरेना. अक्कांनी ग्लास विसळला आणि शांतपणे म्हणाल्या, "गाडी पोचत्या तवर अंधार पडत असंल. अंधारात कंडक्टरला काय दिसणार? तिकिटं?"

*

मग मोटरसायकल. बापू म्हणाले, "मी आन् ही. दोनच माणसं. सुसाट!"

दिवाळी अजून दीड महिन्यावर होती, पण दिवाळीत कोल्हापुरात म्हशी काय करतात हे सांगायला नको. शर्यत! मालक मोटरसायकलवर पुढे आणि म्हैस मागे पळत. मैना तर बापूंच्या गाडीचा आवाज ओळखून कान टवकारते. तिची तालीम आत्तापासूनच सुरू झालेली.

पहाटेची धार काढून दोघं निघाले. अक्कांच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं. गार हवा, रस्ते मोकळे. अक्का म्हणतात, पाठीमागे घंटा वाजत होती, पण त्यांना वाटलं देवळातली असेल. मग दुसरं देऊळ आलं. तिसरं आलं. प्रत्येक देवळाची घंटा एकच कशी?

हायवेच्या अलीकडे सिग्नल लागला. बापू थांबले. मागे मैनाही थांबली, तुटलेलं दावं गळ्यात घेऊन!

ट्रॅफिकचा हवालदार जवळ आला. त्यानं बापूंकडे बघितलं, मैनेकडे बघितलं. "पावणं, सिग्नल पाळताय, बरं वाटलं. पर ह्ये मागं काय जोडलंय? ट्रॉलीचं लायसन हाय का?"

भाकरी त्यांनी घरी येऊन खाल्ली.

*

"म्हशीलाच फसवायचं," बापूंनी पुढच्या आठवड्यात जाहीर केलं.

अक्कांची साडी नेसून दुसऱ्यानं बसायचं, म्हणजे वासानं म्हैस फसते, ही जुनी युक्ती. ते जमलं तर समुद्र बघायच्या दिवशी कुणीतरी घरी थांबून धार काढेल. ट्रायल म्हणून स्वतः बापू बसले. भर कट्ट्यावर! डोक्यावर पदर, खाली पायजमा.

मैनेनं मान वळवून हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि खाली बसली. बापूंच्या पदरावर!

रोजचं एक गिऱ्हाईक ग्लास पुढे करून म्हणालं, "वैनी, आज मिशा ठेवलाय व्हय?"

बापूंना उठता येईना, मैना उठेना. शेवटी अक्का मागून म्हणाल्या, "ऊट गं." ती उठली. "सोड गं." तिनं पान्हा सोडला. म्हणजे साडी नव्हे, आवाज! अण्णांच्या डोक्यात वीज चमकली. त्यांनी तिथल्या तिथे मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. "सोड गं, सोड गं," पाच मिनिटांचं.

दुसऱ्या दिवशी बापूंनी मोबाईल मैनेच्या तोंडासमोर धरला. अक्कांचा आवाज आला. मैनेचे डोळे मिटले, आणि काय सांगू, बादलीत धार वाजायला लागली! आम्ही श्वास रोखून उभे. पाव लिटर झालं असेल, आणि मैनेनं प्रेमानं जीभ काढून मोबाईल चाटला.

टच स्क्रीन होता! रेकॉर्डिंग डिलीट! नव्यानं केलेल्या रेकॉर्डिंगला मैना फसली नाही.

*

ह्या सगळ्यात काही संध्याकाळी नुसत्याच बोलण्यात जायच्या. दूध पिऊन झालेलं असायचं, उठावंसं वाटायचं नाही. समोर म्हशी संथ रवंथ करत असायच्या आणि आमचीही एक रवंथ चालू असायची. कशानं जाता येईल? ढगाला दोर बांधता आला तर? घारीला पाठीवर दोन माणसं झेपतील का? अक्का डोळे मिटून ऐकायच्या. मला वाटतं, त्या आमच्याबरोबर प्रत्येक वाहनात बसून खरंच जाऊन येत होत्या. मलाही रात्री स्वप्नात कडा दिसायचा, मी कधी न बघितलेला, आणि सकाळी बेरिंगच्या डब्यांवर हात ठेवून मी बराच वेळ नुसता उभा राहायचो.

एकदा बापू म्हणाले, "पंचगंगेत नाव सोडायची. वल्हवायचं न्हाय, काय न्हाय. पडून ऱ्हायचं. पाणी नेतंय समुद्राला."

"पंचगंगा कृष्णेला मिळत्या," अण्णा म्हणाले, "आन् कृष्णा तिकडं पूर्वेला जात्या. त्यो दुसरा समुद्र!"

"समुद्र त्यो समुद्र!"

अक्कांनी डोळे उघडले. "तिकडं सूर्य बुडत न्हाय, उगवतोय. सकाळच्या धारंला पंचाईत हुईल."

*

शेवटी दसऱ्यानंतर माझ्या जुन्या गाडीतून गेलो. मी, अण्णा, बापू, अक्का. पहाटेची धार काढून निघालो ते दहाच्या आत कड्यावर. वाऱ्यानं गवत एका बाजूला आडवं होत होतं, पुन्हा उभं राहत होतं. खाली कोकण पसरलेलं. आणि त्याच्या पुढे पांढरं. नुसतं पांढरं, ऊन आणि वाफ एकात एक मिसळलेली.

अक्का काठापासून थोड्या मागे उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. एक वाजेपर्यंत बघितलं.

"संध्याकाळी दिसतंय," त्या म्हणाल्या.

"व्हय," बापू म्हणाले. एवढंच. चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं!

परतताना अक्का मागच्या काचेकडे तोंड करून बसल्या होत्या. आजरा आला तरी तशाच. सहाला पाच मिनिटं कमी असताना कट्ट्यावर पोचलो. धार वेळेवर झाली. मैनेची काहीच तक्रार नव्हती.

त्यानंतर आठवड्याभरात एका संध्याकाळी अक्कांनी अण्णांचा ग्लास भरला, पण निम्मं दूध ग्लासाच्या बाहेर, अण्णांच्या पँटवर. अक्कांना ते दिसलंच नाही. बाजूची नजर कमी होत चालली होती. बापूंनी मान खाली घातली.

अण्णांनी निम्मा ग्लास पिऊन, ओठ पुसून ठेवला. "आज लई भरलीस की अक्का. पोट फुटतंय का काय माझं!"

घरी जाताना अण्णा माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आले. "ह्या म्हयन्यात," ते म्हणाले, "कसंबी करून."

*

वाट दाखवली ती सदानं. सदा शिरोलीहून कास्टिंगची ने-आण करतो, टेम्पो त्याचा स्वतःचा. दिवाळी नुकतीच झाली होती. तो कट्ट्यावर पहिल्यांदाच आला होता, बापूंना फाउंड्रीच्या ओळखीनं भेटायला. आम्ही त्याला सगळं सांगितलं. एसटी, मोटरसायकल, साडी, मोबाईल, माझी गाडी. त्यानं दोन ग्लास संपवले आणि विचारलं, "मग म्हशीलाच का न्हेत न्हाय?"

अरेच्चा! तीन महिने आम्ही माणसांना न्यायच्या वाहनांची तुलना करत होतो.

रविवारी पहाटेची धार काढून टेम्पोत पेंढा अंथरला, पाण्याचा पिंप ठेवला. बापूंनी मैनेच्या शिंगांना दिवाळीचा रंग पुन्हा लावला, मोरपिसं बांधली. दहाला निघालो, आम्ही तिघं मागे तिच्याबरोबर, अक्का पुढे सदाशेजारी. घाई नव्हती. पहिल्यांदाच घाई नव्हती! मैना फळीवर हनुवटी ठेवून ऊस बघत होती. तिचा श्वास गरम, आणि टेम्पोच्या हेलकाव्यानं आम्हाला सगळ्यांनाच पेंग येत होती. मध्येच जाग आली की वाटे, हे स्वप्नच चाललं आहे, फक्त शेणाचा वास खरा आहे.

नेसरीत चहाला थांबलो. अक्कांच्या माहेरचं एक म्हातारं माणूस टेम्पोभोवती फिरून आलं.

"म्हैस इकायला काडलीस व्हय गं पोरी?"

"न्हाय काका. समुद्र बघायला."

म्हाताऱ्यानं मैनेकडे एकदा नीट बघितलं. "बघू दे. बिचारीचं कुठं जाणं हुतंय!"

कड्यावर पोचलो तेव्हा चार वाजले होते. मैना चरत सुटली. आम्ही गवतात पडून राहिलो. हवा दसऱ्यानंतरच्या त्या दिवसापेक्षा स्वच्छ होती, कोकणातली झाडं एकेक मोजावीत इतकी. ऊन पिवळं झालं, मग केशरी. बापू दर पाच मिनिटांनी उठून काठाकडे जायचे आणि परत यायचे. अक्का बसूनच होत्या.

सूर्य दोन बोटं वर राहिला, आणि मैना हंबरली.

सहा वाजत आले होते! कासेतून थेंब गळायला लागले. बापू कावरेबावरे झाले. "थांब की जरा, धा मिन्टं!" ते म्हशीला विनवायला लागले. "अगं, हिला बघू दे की!"

मैना काही थांबणारी नव्हती. अक्का उठल्या, बादली घेतली. म्हैस चढावर उभी होती, बसायला जागा एकाच बाजूला. अक्का तिथे बसल्या. पाठ कोकणाकडे. मी दावं धरून मैनेच्या तोंडाशी उभा, सूर्याची बाजू तिच्या मानेआड आणि शिंगांआड. मला दिसत होते ते बापू, काठावर उभे, पण बघत होते ते बायकोकडे.

"तू आदी बघ," बापू म्हणाले. "तुज्यासाठी एवढं केलं. सूर्य चालला गं! धार ऱ्हाऊ दे आज."

अक्कांनी मैनेच्या कुशीला कपाळ टेकवलं. पहिली धार बादलीत वाजली.

"मी बघितलंय की," त्या म्हणाल्या. "तुमचंच ऱ्हायलंय. वळा तिकडं."

बापू वळले.

धार वाजत राहिली. मोरपिसं वाऱ्यानं हलत होती. अण्णा आणि सदा बापूंच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मला पुढे सरकून बघायचं होतं, पण दावं सोडता येईना, आणि खरं सांगू, बापूंच्या पाठीवरून नजर निघेना. चौतीस वर्षं ह्या विषयावर बोललेला माणूस, आणि आता बराच वेळ झाला तरी एक अक्षर नाही. बादली भरत आली.

"काय वो?" अक्कांनी मान न वळवता विचारलं.

"गप धार काड," बापू म्हणाले. "मला बघू दे."