डावीकडचा म्हातारा

माझी आई सिनेमा सांगायची. पाहायचे सगळेच, पण सांगणं तिलाच जमायचं. सदरच्या टॉकीजला नवा सिनेमा लागला की ती दुपारच्या खेळाला जाऊन यायची. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली की गल्लीतल्या बायका हातातली कामं घेऊन आमच्या ओसरीवर जमायच्या. कोणी तांदूळ निवडत, कोणी स्वेटर विणत, आणि आई सुरुवातीच्या नावांच्या पाट्यांपासून शेवटापर्यंत अख्खा सिनेमा सांगायची. गाणी मात्र म्हणायची नाही, गळा भसाडा होता तिचा. “इथं गाणं आहे, चांगलं आहे,” एवढं म्हणून पुढं सरकायची. मध्यंतरही व्हायचं, आणि तेव्हा चहा ठेवायचं काम माझ्याकडं असे. तो वेळेत कधी उकळला नाही. त्यामुळं कित्येक सिनेमांचा उत्तरार्ध मला तुटकच माहीत आहे, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

या श्रोत्यांत शेजारच्या काकू पहिल्या नंबरच्या. त्यांच्या सासऱ्यांना सिनेमा म्हटलं की तिडीक यायची, म्हणून काकूंनी थिएटरची पायरी कधी चढली नव्हती. सासरे गेल्यावरही त्या गेल्या नाहीत. “तू सांगते तं मी काहून जाऊ?” म्हणायच्या. त्यांचे सगळे सिनेमे आईच्या तोंडचे.

त्यातला एक त्या पुन्हा पुन्हा मागायच्या. साठच्या दशकातला, त्या वेळी नव्या निघालेल्या लांबच लांब पडद्याचा. हिरो गाव सोडून निघालेला असतो, हिरोइन विहिरीवर घागर घेऊन उभी असते, आणि दोघांत एक शब्द होत नाही. का होत नाही? तर पार डावीकडं, बैलगाडीपाशी, तिचा म्हातारा बाप उभा असतो. त्याला सगळं ठाऊक आहे. मग तो हळूच पाठ फिरवतो, की पाहून घ्या पोरांनो एकमेकांकडं एकदा, मी पाहत नाही. इथं काकू आईला थांबवायच्या. “म्हातारा आला का? आता सावकाश सांग.” आणि आई सावकाश सांगायची. काकूंचं लग्न त्यांना विचारून झालं नव्हतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्या म्हाताऱ्यावर त्यांचा फार जीव.

बाबांचं मात्र वेगळंच. तो सिनेमा त्यांनी आईबरोबरच पाहिला होता. “म्हातारा-बितारा कोणी नव्हता. हिरो नेभळट होता, तोंडातून शब्द निघत नव्हता त्याच्या,” असं ते म्हणायचे. “तुम्ही झोपले होते,” आई म्हणायची. हे भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि त्यानं कोणाचंच काही बिघडलं नाही.

बिघडलं ते व्हिडिओमुळं. ऐंशीच्या दशकात आमच्याकडं रंगीत टीव्ही आला आणि धरमपेठेत व्हिडिओ लायब्ऱ्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या. एका रविवारी बाबांनी भाड्यानं व्हीसीआर आणला, आणि खोडी म्हणून नेमकी त्याच सिनेमाची कॅसेट. गल्ली लोटली. काकू ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्यांत पुढं बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना म्हातारा प्रत्यक्ष दिसणार होता.

विहीर आली. पडदाभर हिरोइन, कडेला हिरोचं नुसतं नाक. मग एक झटका बसून पडदाभर हिरो, कडेला अर्धी घागर. आणि हिरो चालता झाला. ना गाडी, ना म्हातारा.

बाबांनी टाळी वाजवली. कॅसेट मागं नेऊन पुन्हा लावली, तरी नाही.

काकू वळल्या. टोमणा नव्हता तो, टोमणा असता तर आईनं परतवला असता. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “पदरचं घालून सांगितलं का वं तू?”

“नाही वं. होता तो,” आई म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

मागून कोणीतरी म्हणालं, “मंग बाकीचे सिनेमे?” त्यावर कोणी हसलंसुद्धा नाही.

त्यानंतर आईनं सिनेमा सांगणं बंद केलं. बायका आल्या तर म्हणायची, “कॅसेट आणा ना, पाहून घ्या.” एकदा पोळ्या लाटता लाटता मला म्हणाली, “मले अजून दिसते वं तो. धोतराचा सोगा धरून उभा. नव्हताच तं मले काहून दिसते?” पुढं पुढं भाजीत मीठ घातलं की नाही हेही ती दोनदा विचारू लागली. बाबांचा मला असा संताप आला म्हणता! पण बाबाही आतून वरमले होते. एवढं होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मी तडक धरमपेठेत गेले आणि लायब्ररीवाल्याला झापलं, की तुमची कॅसेट धड नाही.

“ताई, चांगलीच कॉपी दिली तुम्हाले,” तो म्हणाला. “दुसरी एक आहे, बाहेरून आलेली. पण ते नका नेऊ. कटवाली आहे. वरून-खालून काळे पट्टे आहे. कस्टमर शिव्या देऊन वापस करून राहिले.”

मी तीच मागितली. वरून-खालून कापली असेल, पण बाजूंनी शाबूत असेल, असा माझा अडाणी हिशोब. तो इतका बरोबर निघेल हे मलाही ठाऊक नव्हतं.

पुढच्या रविवारी पुन्हा व्हीसीआर, पुन्हा गल्ली. आईला मी हाताला धरून आणून बसवलं. सिनेमा सुरू झाला तो मधल्या एका पट्टीत. वर काळं, खाली काळं. एकच ओरड झाली. “अर्धा टीव्ही झाकून ठेवाचा होता तं घेतला काहून?” जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढलेले आमचे बाबा, त्यांना कागद कोरा राहिलेला खपत नसे. ते पेचकस घेऊन टीव्हीच्या मागं गेले. तिथं चित्राची उंची वाढवायचा एक स्क्रू होता, तो त्यांनी पिळला. पट्टे गेले खरे, पण हिरो विजेच्या खांबाएवढा झाला.

“हे बैल आहे का उंट?” काकूंनी विचारलं. सगळे हसले. कितीतरी दिवसांनी आईही हसली.

“होतं तसं करा,” ती म्हणाली. “बुटके बरे होते.”

“चिंधीएवढं दिसते,” बाबा कुरकुरले, पण स्क्रू उलटा फिरवला.

मग गाव आलं, माळरान आलं, आणि आई ताठ बसली. “हा, असंच होतं! लांबच लांब. या टोकाचं पाहाचं तं मान फिरवा लागे.” थोड्या वेळानं म्हणाली, “आता डावीकडून कुत्रं येईल.” कुत्रं आलं. मागच्या कॅसेटमध्ये कुत्रं नव्हतं. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला, की पट्ट्यांची कॅसेट पुरी होती आणि पडदाभर दिसणारीच, टीव्हीत बसावी म्हणून, बाजूंनी कापलेली. बाकीच्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण पट्ट्यांबद्दल मग कोणी बोललं नाही.

विहीर आली. उजवीकडं हिरो, मध्ये हिरोइन, आणि पार डावीकडं बैलगाडी. गाडीपाशी अंगठ्याएवढा, धोतराचा सोगा धरून उभा असलेला म्हातारा.

काकू उठल्या, टीव्हीपाशी गेल्या आणि काचेवर बोट ठेवून ओरडल्या, “होता वं! होता!” सगळ्यांनी एकच गलका केला. बाबांनी आईला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “झोपलो होतो, मान्य.” आई लाजली. मला इतका आनंद झाला की रडू आलं.

“थांबा गा सगळे,” काकू म्हणाल्या. “आता पाठ फिरवते तो.”

आम्ही थांबलो. म्हातारा दोघांकडं पाहत राहिला. हिरो निघाला. म्हातारा पाहतच होता. मग चित्र बदललं, रस्ता आला, मोटार आली, शहर आलं. म्हाताऱ्यानं पाठ फिरवली नव्हती.

बाबांनी बोलायला तोंड उघडलेलं मी पाहिलं. आई मांडीवरच्या हातांकडं पाहत होती. पाठ फिरवणं तिच्या पदरचं होतं, हे आता लहान पोरालाही कळलं असतं.

काकूंचं बोट अजून काचेवरच होतं, जिथं मघाशी म्हातारा होता तिथं. बाबांना बोलू न देता त्या म्हणाल्या, “हीबी कापलेलीच आहे म्हणा ना. आपल्याले शहर दाखवाले लागले, म्हणून म्हातारा तिथंच तसाच उभा राहिला असन का? आपण इकडं आल्यावर फिरवली त्यानं पाठ.” आणि वळून आईला विचारलं, “फिरवली ना वं?”

आईनं मान वर केली आणि काकूंकडं पाहिलं.

“फिरवली,” ती म्हणाली. “मी पाहिली ना.”