चंद्रहासची दुसरी टाकी

चंद्रहास कायद्याने वागतो. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात आमच्या रस्त्यावर हिरवा दिवा लागल्यावरही तो खरंच हिरवा आहे ना याची खात्री करून गाडी हलवणारा हा एकटाच. पुण्याहून इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आला, तिथेच प्रयोगशाळेतल्या यंत्रांची देखभाल करायला लागला, आणि तेव्हापासून जगातलं कुठलंही यंत्र आपण तपासल्याशिवाय सुरू होऊ नये असं त्याला मनापासून वाटतं. त्याची बायको लता माझी मैत्रीण. तिने या माणसाबरोबर तीस वर्षं संसार केला, त्याबद्दल कुठल्याच सरकारने तिला अजून पदक दिलेलं नाही.

त्यांची एकुलती एक लेक कौमुदी माउंट आयझाला शिक्षिका. खाणीचं गाव, इथून सतराशे किलोमीटर. एकवीस साली, ऐन करोनात, तिचं पहिलं बाळंतपण आलं. तिचा नवरा सिद्धार्थ वडील आजारी म्हणून एप्रिलमध्ये नागपूरला गेला आणि तिकडून येणारी विमानंच बंद झाल्याने तिथे अडकला. पोरगी एकटी. ते माहेरीच व्हायचं, हा नियम काही व्हिसाबरोबर बदलत नाही. विमानाने यावं तर ब्रिस्बेनला उतरावं लागणार, आणि तिथे कधी लॉकडाऊन लागेल याचा नेम नव्हता. लता म्हणाली, ‘‘सातव्या महिन्यात गाडीने जाऊ आणि तिला घेऊन येऊ.’’ डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं, सातव्यात हरकत नाही, आठवा सरला की एवढा प्रवास नको.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग ते चंद्रहासने हातात घेतलं.

त्याने ठरवलं, गरोदर मुलगी वाटेत एकाही पंपावर थांबणार नाही. पंपाच्या त्या नळीला शेकडो हात लागतात. घरी चार दारांची, मागे उघडा हौदा असलेली डिझेलची यूट होतीच. तिला दुसरी टाकी बसवायची, की माउंट आयझाहून निघालं ते थेट टूवूंबा. आमचा मित्र श्रीनिवास म्हणाला, ‘‘अरे मेट, दोन डबे डिझेल मागच्या हौद्यात टाक आणि नीघ.’’ चंद्रहासने त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने बँक लुटायला चल म्हटलं होतं.

टाकी निवडण्यात मे महिना गेला. मूळची काढून मोठी बसवायची, का खाली जादाची जोडायची, का हौद्यात ठेवायची? पोलादी का प्लॅस्टिकची? सायलेन्सरपासून किती लांब? खड्ड्यात गाडी आपटली तर? मोजमापासाठी तो आमच्याही गाडीखाली शिरला, आमची गाडी पेट्रोलची आणि वेगळ्याच कंपनीची असताना. दुकानदाराला त्याने एवढे प्रश्न विचारले, की त्या बिचाऱ्याने ‘नो वरीज’ म्हणणं सोडून दिलं.

शेवटी हौद्याखाली बसणारी पोलादी टाकी ठरली. ती मेलबर्नहून येणार होती. मेलबर्न बंद! सातवा महिना टाकीची वाट बघण्यात गेला. कौमुदी फोनवर म्हणायची, ‘‘बाबा, जस्ट कम. प्लीज.’’ हा तिला टाकीचा फोटो पाठवायचा.

जुलैत टाकी बसली. मेकॅनिकने एका दिवसात काम केलं, म्हणून चंद्रहासला त्याचा संशय आला. पुढे वजनाचा प्रश्न निघाला. दोन्ही टाक्या भरल्या, तिघं माणसं बसली आणि सामान चढलं तर गाडी कायद्याच्या वजनात बसते का? लताने डिंकाचे आणि अहळिवाचे लाडू करून डबे भरले होते. याने ते ताणकाट्याला लटकवले. ‘‘लाडू कमी कर,’’ असं एका पुरुषाने लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या बाईला सांगितलं, आणि तरी तो आज जिवंत आहे.

उरली होती ती इंजिनीयरची सही. बदल नियमात आहे असा त्याचा दाखला आणि गाडीवर एक छोटी पट्टी, एवढंच. तो इंजिनीयर ब्रिस्बेनचा. तो यायच्या आदल्या दिवशी तिकडे लॉकडाऊन लागला. आठवा महिना सरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हिने हलायचं नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. लता शांतपणे लाडवांचे डबे आपल्या छोट्या गाडीत भरत होती. ही बाई आजवर वूलवर्थ्सचं दुकान आणि देऊळ सोडून कुठे गाडी घेऊन गेली नव्हती.

‘‘चार दिवस थांब,’’ चंद्रहास म्हणाला. ‘‘पट्टी मिळाली की दोघं जाऊ.’’

‘‘पट्टी बाळंतपण करणार आहे का?’’

‘‘अगं, वाटेत काही संपलं म्हणजे? मोहनचं काय झालं माहीत आहे ना तुला?’’

मोहन त्याचा धाकटा भाऊ. एप्रिलमध्ये पुण्यात त्याला हॉस्पिटलात नेत असताना ऑक्सिजनचा सिलिंडर अर्ध्या वाटेत संपला. चंद्रहास इथे फोन कानाला लावून बसला होता. मला तेव्हा त्याची फार दया आली, आणि तरीही त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

लता थबकली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, ‘‘माहीत आहे. म्हणूनच आज निघते.’’

आणि निघाली. दिसेल त्या पंपावर थांबली, दिसेल त्या मोटेलात झोपली, तिसऱ्या दिवशी पोचली. चौथ्या रात्री कौमुदीला मुलगी झाली. खोलीत एकाच माणसाला परवानगी होती. लता होती. चंद्रहासने फोनवर रडणं ऐकलं आणि यूटच्या पायरीवर बसून स्वतःही रडला.

पुढच्या आठवड्यात पट्टी लागली. हा दोन्ही टाक्या भरून गेला, आणि दीड महिन्याने तिघींना घेऊन परत निघाला. लताची गाडी तिथेच ठेवली. आता थेट घर! फक्त टाकी निवडताना एक गोष्ट त्याच्या हिशोबात आली नव्हती. तान्ह्या बाळाला दर दोन तासांनी भूक लागते, आणि चालत्या गाडीत त्याला सीटमधून काढणं बेकायदा आहे. त्यामुळे वाटेतल्या एकूण एक पंपावर यूट थांबली. कौमुदी बाळाला पाजायची आणि हा खिडकीवर टॉवेल धरून उभा राहायचा. मग ढेकर काढायला नातीला खांद्यावर घेऊन, मास्क लावून, ट्रकवाल्यांना लांबूनच दाखवत फिरायचा. डिझेल नको होतं, तरी हलायचा नाही.

वाटेतल्या विंटन गावच्या पंपावर असाच फिरत होता. ऊन कलायला लागलं होतं. कौमुदी म्हणाली, ‘‘बाबा, चल ना आता.’’

‘‘झोपू दे गं तिला. घाई काय आहे?’’

‘‘आता नाहीये, बाबा. घाई तेव्हा होती.’’

चंद्रहासने बाळाला सीटमध्ये ठेवलं. पट्टा दोनदा ओढून पाहिला. दार लावायच्या आधी लेकीकडे न बघता म्हणाला, ‘‘चुकलो गं मी.’’ लता सांगते, त्यानंतर घर येईपर्यंत टाकी हा शब्द त्याने काढला नाही.